तुझ्या आईचे खाते

टिळकवाडी, बेळगाव

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, याची खंत अजून मनात आहे. टीव्हीवरचा शेअर बाजाराचा सकाळचा कार्यक्रम आता तू एकटी सांभाळणार, ही बातमी तू किती आनंदाने सांगत होतीस, आणि मी कौतुकाचा शब्द काढण्याआधी तुझ्या आईच्या डीमॅट खात्याचा, म्हणजे शेअर ठेवण्याच्या खात्याचा, विषय काढून बसलो. त्या खात्याबद्दल या पत्रात लिहायचे नाही, असे ठरवले आहे.

गेले तीन दिवस आम्ही दोघे पावणेनऊलाच टीव्हीसमोर बसतो. बाजार सव्वानऊला उघडेपर्यंत खालच्या पट्टीवर आकडे धावत असतात, तुझ्या कानात कोणीतरी सूचना देत असणार, आणि तरीही तू पाहुण्या विश्लेषकाला शांतपणे विचारतेस, "हा शेअर तुमच्या स्वतःकडे आहे का?" त्या क्षणी तुझ्या आईचा मेथी निवडणारा हात थांबतो. निफ्टी तिला कळत नाही, पण तुझी झोप झाली आहे की नाही, ते तिला तुझ्या डोळ्यांवरून कळते.

मला 23 मार्च 2020 चा दिवस आठवतो. सकाळीच बाजार 10 टक्के पडताच सर्किट लागून व्यवहार 45 मिनिटे थांबले आणि दिवसअखेर सेन्सेक्स 3,934 अंकांनी कोसळला. लोक घाबरले होते, पण तू 'विका' म्हणाली नाहीस की 'घ्या' म्हणाली नाहीस. काय घडते आहे आणि का घडते आहे, तेवढेच सांगत राहिलीस. रात्री फोन करून तू फक्त अण्णांच्या गोळ्या महिनाभर पुरतील का, एवढेच विचारलेस. त्या दिवशी मला तुझा जेवढा अभिमान वाटला, तेवढा तुझ्या कोणत्याही निकालाच्या दिवशी वाटला नव्हता.

पण लोक तुझे ऐकून पैसे घालतात, मुक्ता, आणि म्हणूनच मला ते खाते डाचते. जानेवारी 2021 मध्ये बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने टीव्हीवरच्या एका सूत्रसंचालकावर बाजारबंदी घातली, ती बातमी तूच मला समजावून सांगितली होतीस. कार्यक्रमात ज्या शेअरची नावे येणार, ते आदल्या दिवशी पत्नीच्या आणि आईच्या खात्यांतून घेतले जात आणि दुसऱ्या दिवशी विकले जात, असा तो आरोप होता. आईच्या खात्यातून! तू असे काही करशील, असे मला स्वप्नातही वाटत नाही. पण उद्या कोणी बोट दाखवले, तर तुझ्या आईच्या खात्यात आजीच्या वेळचे मोजके शेअर पडून आहेत, हे किती जणांना पटवत बसणार आहेस?

पाहा, पुन्हा तिथेच आलो. ज्या विषयात तू रोज वावरतेस, त्यात मी तुला शिकवावे, हे शोभत नाही, क्षमा कर.

माझ्या भीतीचे मूळ तुला ठाऊक आहे. 200 रुपयांच्या आसपासचा एसीसीचा शेअर 1992 मध्ये 9,000 च्या घरात गेला, तेव्हा एका सहकाऱ्याच्या शब्दावर मीही फंडातून उचललेले 18,000 रुपये बाजारात घातले होते. पुढे 23 एप्रिलला पत्रकार सुचेता दलाल यांची स्टेट बँकेच्या 500 कोटींच्या घोटाळ्याची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली. त्या आपल्या बेळगावात शिकलेल्या, हे कळल्यावर नववीत असताना तू ते कात्रण कपाटातून काढून माझ्यापुढे मोठ्याने वाचले होतेस. वाड्याच्या कागदांखाली ते अजून आहे. माझे पैसे परत आले नाहीत, पण तू या वाटेला लागलीस ती त्या कात्रणामुळे, असे मी मानतो.

काल कुंदा घ्यायला गेलो, तर दुकानदारांनी विचारले, "मुलगी कोणता शेअर घ्या म्हणते?" तिने मला आजवर एकही नाव सांगितलेले नाही, हे उत्तर देताना माझा ऊर भरून आला.

खाते बंद करण्याचा अर्ज मी आणून ठेवला आहे. तुझी आई सही करायला तयार नाही. मुलीने पहिल्या पगाराच्या महिन्यात उघडून दिलेले खाते आहे, म्हणते. तेव्हा तू गणपतीला आलीस की तिघे बसून ठरवू, तोवर मी हा विषय काढणार नाही. अर्धा किलो कुंदा सोबत पाठवत आहे. पहाटे उपाशीपोटी स्टुडिओत जाऊ नकोस.

तुझे,
बाबा