खुन्याचं नाव बाराव्या पानावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत नवोदितांना सल्ला होता, 'सध्या रहस्यकथा, भयकथा चालतात, त्या लिहा.' यावल तालुक्यातल्या एका गावात २२ वर्षं मी वाचनालय सांभाळते. देवघेवीच्या टेबलावरून जे दिसलं, ते लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे सगळ्यात आधी रहस्यकथाच फाटतात. काहींची बांधणी ३-३ वेळा करून घेतली आहे. एका पुस्तकात कोणीतरी बाराव्या पानावरच पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. आधी राग आला, मग पुस्तक पुन्हा वाचलं. वाचकाचं बरोबर होतं, लेखकानेच त्या माणसाकडे नको तितकं बोट दाखवलं होतं. त्याहून वाईट म्हणजे वाचकाला कधी दाखवलाच नाही असा पुरावा शेवटच्या पानावर काढणं. असं पुस्तक परत देताना वाचक काही बोलत नाही, पण त्या लेखकाचं दुसरं पुस्तक कधी मागत नाही.

मागच्या वर्षी गावातल्या एका मुलीने आपली कथा वाचायला दिली. रातोरात केळीचे घड कापून नेलेले, संशय सालदारावर, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यावर. पहिल्याच पानावर वडिलांचा सदरा धुताना आई करवादते, "चीक लागला ना, आता हा डाग कपड्यासंगंच जाईन." मग तो सदरा विसरायला होतो. शेवटी पंचनाम्याच्या वेळी चुलतभाऊ शपथेवर सांगतो, 'मी बागेत पाय ठेवला नाही'. आणि त्याच्या पांढऱ्या बाहीवर, कोपराजवळ, काळपट ठिपके असतात. पुढे एक अक्षर नाही. बाहेरगावच्या एका स्पर्धेतून ही कथा 'रहस्यकथा साहित्यात मोडत नाही' असा शेरा घेऊन परत आली. त्यात अख्खी भाऊबंदकी होती हो!

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, परीक्षकांवर आपल्या नावाचं दडपण नको म्हणून. विषय कृष्णविवराचा, म्हणजे त्यांच्या रोजच्या अभ्यासातला. विज्ञानकथा लिहायची म्हणून ते परक्या मुलखात गेले नाहीत.

ऐतिहासिक लिहिणाऱ्यांनी तर आधी पात्राचं ताट तपासावं. यादवांच्या काळातल्या पाटणच्या शिपायाला भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा वाढलेला मी वाचला आहे. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, यादव गेल्यावर दोनशे वर्षांनी. तिथेच माझा त्या शिपायावरचा विश्वास उडाला.

त्या मुलीच्या कथेची झेरॉक्स प्रत मी पुठ्ठा लावून कपाटात ठेवली आहे. आतापर्यंत १४ जणांनी नेली. पहिल्या पानावर अजून कोणी पेन्सिलीने नाव लिहिलेलं नाही.

आपली,
एक ग्रंथपाल,
यावल तालुका, जि. जळगाव