उन्हाळी पुराहवामान (प्राचीन काळचे हवामान) गट: गोदाकाठच्या मातीच्या नमुन्यांबाबत सूचना

रविवारी सकाळी 6 ला निघायचे आहे. ऊन चढले की माती वाळते आणि रंगाची नोंद फसते. वाळलेल्या थरावर पाणी शिंपडूनच रंग पाहा.

दरडीचा (नदीच्या उभ्या काठाचा) पृष्ठभाग किमान 15 सेंमी खरवडा. नमुने तळापासून वर, दर 5 सेंमीला साधारण 50 ग्रॅम. वरून सुरुवात केली तर सुटलेली माती खालच्या थरांवर सांडते आणि पुढचा सगळा क्रम बिघडतो. प्रत्येक नमुन्यानंतर सुरी पुसा.

ताजी मुळे चिमट्याने काढाच. ऊस सी-4, द्राक्ष सी-3 वनस्पती (प्रकाशसंश्लेषणाच्या दोन वेगळ्या पद्धती; उष्ण भागातली बहुतेक गवते सी-4, झाडे सी-3). त्यांचा कार्बन मिसळला तर जुने गवत किती नि झाडे किती, हे समस्थानिकांवरून (कार्बनच्या जड-हलक्या अणूंच्या प्रमाणावरून) कळणार नाही. हे काम कंटाळवाणे आहे, पण इथेच बहुतेक नमुने वाया जातात.

कोळशाचे तुकडे (वय मोजण्यासाठी) फक्त ॲल्युमिनियम फॉइलमध्ये, कापूस-कागद नको, त्यांचा कार्बन मिसळतो. चुनखडे (मातीतले चुन्याचे खडे) वेगळ्या पिशवीत. ते मातीनंतर तयार होतात, त्यामुळे त्यांचे वय थराचे समजू नका.

नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय शिंपलाही उचलायचा नाही. शिक्षकांनी परवानगीची प्रत सोबत ठेवावी.