धाराशिवच्या बायकांचं देणं: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: धाराशिवच्या गावांत सिद्ध झालेली एचपीव्ही (गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणी आधी धाराशिवच्याच गावांत सुरू करण्याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. मागच्या पावसाळ्यात एक बाई आल्या. वय शेहेचाळीस. पाळी जाऊन वर्ष झालं होतं आणि पुन्हा अंगावर जायला लागलं होतं, त्यालाही आठ महिने झाले होते. लाजेपायी घरात बोलल्या नव्हत्या. तपासायला घेतलं आणि हाताला जे लागलं त्यावरूनच कळलं, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आता तोंडापुरता राहिलेला नाही. सुनेनं हातातल्या थैलीतून चार घड्या घातलेला कागद काढला. तीन वर्षांपूर्वी एका शिबिरात तपासणी झाली होती. कागदावर शिक्का: ‘निगेटिव्ह’.

शिबिरातल्या सिस्टरला मी दोष देत नाही. तिनं ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावला असेल, मिनिटभर थांबून डोळ्यांनी पाहिलं असेल, संशयाचा पांढरा डाग दिसला नसेल. आपण जिला ‘व्हीआयए’ म्हणतो ती ही तपासणी सगळी बघणाऱ्याच्या डोळ्यावर चालते. शिबिरात रांग लावून तपासणारा डोळा दुपारी तीननंतर काय बघतो हे मला माहीत आहे, मीही तशा शिबिरांत बसले आहे. त्यात चाळिशीच्या पुढे जो भाग बघायचा तोच हळूहळू आत सरकायला लागतो.

व्हीआयएवर किती भिस्त ठेवायची, हे 2009 साली छापून आलेल्या, धाराशिव जिल्ह्यातल्या 1,31,746 बायकांच्या अभ्यासामुळे साऱ्या जगाला कळलं. जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण वैद्यकाच्या पुस्तकांत ‘उस्मानाबाद’ हे नाव राहणार ते या अभ्यासामुळे. तो अभ्यास ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला त्या डॉ. आर. शंकरनारायणन यांच्याबद्दल चार ओळी लिहिते, कारण पुराव्यावर चालणारं वैद्यक म्हणजे काय हे मला त्यांच्या कामातून कळलं.

डॉक्टर तिरुवनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरमधले. तिथून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेत, फ्रान्समध्ये लिऑनला गेले आणि तिथल्या स्क्रीनिंग विभागाचे प्रमुख झाले. पण त्यांचे मोठे अभ्यास उभे राहिले ते आपल्याकडच्या गावांत. केरळात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडं तपासली. तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले, हे 2005 साली त्यांनी दाखवलं. तमिळनाडूत दिंडीगलला नर्सबाईंनी व्हीआयए केली; मृत्यू 35 टक्क्यांनी कमी झाले, ते 2007 साली छापून आलं. स्वस्त, जागच्या जागी होणारी, नर्सबाईला जमणारी तपासणी. एखाद्यानं उरलेलं आयुष्य तिचाच झेंडा मिरवला असता.

दोन वर्षांनी त्याच माणसानं आपल्याच निकालाला छेद देणारा निकाल छापला.

धाराशिवमध्ये 52 गावसमूहांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले. एकात एचपीव्ही, एकात पॅप स्मिअर (पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), एकात व्हीआयए, आणि चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा. वय 30 ते 59. तपासणी आयुष्यात एकदाच, मग आठ वर्षं पाठपुरावा. एचपीव्हीच्या गटात 34,126 बायका होत्या, त्यातल्या 34 पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेल्या. काहीच तपासणी न झालेल्या गटात बायका त्याहून थोड्या कमी, 31,488, आणि मृत्यू 64. म्हणजे जवळजवळ निम्मे मरण वाचलं. व्हीआयए आणि पॅप स्मिअरच्या गटांत मात्र मृत्यूंत नोंद घ्यावी अशी घट दिसली नाही. माझ्या पेशंटच्या घडी घातलेल्या कागदाशी थेट नातं असलेला आकडा तर वेगळाच आहे: ‘निगेटिव्ह’ सांगून घरी पाठवलेल्या बायकांत पुढे कॅन्सर निघण्याचं प्रमाण व्हीआयए आणि पॅपच्या गटांत एचपीव्हीच्या चौपटीहून जास्त होतं.

व्हीआयए खोटी आहे असं मी म्हणत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूनं ती दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, कडक देखरेखीखाली केली आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पण तशा फेऱ्या आणि तशी देखरेख आपल्या कुठल्या तालुक्यात आहे, हे आपणच आपल्या खात्याला विचारावं.

हा अभ्यास धाराशिवला का झाला, हेही सांगायला हवं. धाराशिवला लागून असलेल्या बार्शीला डॉ. भगवान नेने आणि टाटा मेमोरियलच्या सांख्यिकीतज्ज्ञ कस्तुरी जयंत यांनी 1987 पासून बार्शी आणि धाराशिवमधल्या परंडा, भूम तालुक्यांतल्या गावांची कॅन्सर नोंदणी उभी केली होती. ग्रामीण भारतात तसं तोवर काही नव्हतं. खेड्यात माणूस कशानं मेला हे कुठल्याच कागदावर नसतं. ते घरोघर जाऊन विचारावं लागतं. नोंदणीची माणसं गावोगाव बोलू लागली आणि नुसत्या त्या बोलण्यानं बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं. संशोधन म्हटलं की आपल्याला मुंबईची इमारत दिसते. मला एसटीतून उतरून वस्तीपर्यंत चालत जाणारा, हातात वही असलेला माणूस दिसतो.

आता अवघड गोष्ट. त्या चौथ्या गटाला, तपासणी न मिळालेल्या बायकांना धरून हा अभ्यास झाला, यावर देशाबाहेर आणि देशात बरीच टीका झाली. मला ती उडवून लावता येत नाही. त्या 64 जणींची नावं मला माहीत नाहीत, पण त्यांची गावं माझ्या दवाखान्यापासून फार लांब नाहीत. दुसरीकडे, त्या गटाशिवाय तपासणीनं मरण टळतं हे कुणाला पटलं नसतं, हेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये एचपीव्ही तपासणी पहिली धरावी असं जगाला सांगितलं, त्यामागच्या पुराव्यात धाराशिवचा अभ्यास आहे. पुरावा ज्यांच्या जिवावर मिळाला त्यांच्या लेकीसुनांच्या गावी ती तपासणी सरकारी दवाखान्यात मागितली की मिळत नाही. या देण्याची आठवण करून द्यायला मी हे लिहिते आहे.

शेजारच्या बीडकडेही बघा. सरकारी पाहणीतच 2019 साली 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली, असं अनेकींनी सांगितलं. ज्या भीतीचं उत्तर एका साध्या तपासणीत होतं, त्या भीतीपोटी ऐन उमेदीत बायका पिशवी गमावून बसल्या. पांढरं जातंय म्हणून आलेल्या बाईला ‘तुला विषाणू नाही, निर्धास्त ऊस तोडायला जा’ असं कागदावर लिहून देता आलं असतं, तर यातल्या कितीतरी वाचल्या असत्या असं मला वाटतं.

आपल्या खात्याचं उत्तर बहुधा एचपीव्हीच्या लसीचं असेल. लस हवीच. तिचीही कथा डॉ. शंकरनारायणन यांच्याशी आणि बार्शीशी जोडलेली आहे. त्यांच्याच अभ्यासात मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे होते. 2010 मध्ये दुसऱ्या एका प्रकल्पावरून वादळ उठलं, सरकारनं लसीकरण थांबवलं आणि हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. डॉक्टरांनी त्या मुलींना सोडलं नाही, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. एक डोसही पुरतो याचा जगातला महत्त्वाचा पुरावा त्यातून निघाला. पण लस लेकीसाठी. तिची आई आज चाळीस वर्षांची आहे, विषाणू लागायचा असेल तर लागून गेलाय. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या दोनसुद्धा भरल्या नाहीत.

मागणी छोटी आहे. आख्खा महाराष्ट्र नको, एक जिल्हा घ्या. टीबीसाठी वापरतात ती गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट यंत्रं आपल्या खात्याला नवीन नाहीत. त्यांवर एचपीव्हीची चिपही चालते. नमुना बाई स्वतःच घेऊ शकते, आशाताईनं समजावलं की पुरे. टेबलावर झोपायची लाज निम्मी तिथंच जाते. धाराशिवच्या अभ्यासात शंभरात साधारण दहाजणी पॉझिटिव्ह आल्या होत्या. उरलेल्या नव्वदजणींना पाच वर्षं तरी पुन्हा बोलवायला नको. त्या दहाजणींसाठी मात्र उपचार त्याच तालुक्यात हवा: उष्णतेनं पेशी जाळणारं छोटं यंत्र आणि ते चालवायला शिकलेली डॉक्टर. ‘सिव्हिलला जा’ अशी चिठ्ठी हातात ठेवायची असेल, तर कृपा करून तपासणीच सुरू करू नका.

हे पत्र वाचून आपण होकार द्यालच असं नाही. पैसा, मनुष्यबळ, प्राधान्य, सगळं मला समजतं. नाही म्हणायचं असेल तर तसं म्हणा. फक्त कोणत्या अभ्यासाच्या आधारे नाही, तेवढं लेखी कळवावं.

आपली नम्र,
मराठवाड्यातली एक स्त्रीरोगतज्ज्ञ