सूचना : गीझर चालू करायच्या आधी पॉइंट बघून घ्या
सर्व सभासदांना नमस्कार, थंडी पडायला लागलीये आणि बऱ्याच जणांनी नवीन गीझर घेतलेत, म्हणून हे लिहितोय. २००० वॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर करंट खेचतो, ३००० वॅटचा १३, त्यामुळे तो मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डला अजिबात लावू नका, कन्व्हर्टर प्लग (मोठी पिन छोट्या सॉकेटला बसवणारा) लावून तर नाहीच नाही. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि त्याला मेन बोर्डवरून वेगळी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पाहिजे, तांब्याची वायर २.५ स्क्वेअर एमएम, ३००० वॅटला ४ ची टाका. प्लगची पिन काळी पडली असेल, सॉकेट हाताला गरम लागत असेल तर आतला स्क्रू ढिला झालाय समजा, लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

अर्थिंग खरंच आहे का तेही टेस्टर नाही, मीटर लावून चेक करायला सांगा, जुन्या फ्लॅटमध्ये तिसरं भोक नुसतं शोभेला असतं! ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट लीक झाला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. एमसीबी सारखी पडते म्हणून मोठी टाकायची आयडिया कोणी करू नका, वायर जळेल पण एमसीबी पडणार नाही.

बादलीत हीटरचा रॉड वापरणाऱ्यांनी स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही.