मंडपेश्वरची गोष्ट अर्धी सांगू नका

मा. संपादक,
स. न.

महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर, गेल्या महिन्यात नातवाला घेऊन गोराईच्या खाडीतून होडीने बोरिवलीला उतरले आणि मंडपेश्वरच्या लेण्यात गेले. शाळेतल्या मुलांचा एक घोळका आधीच तिथे होता. त्यांना घेऊन आलेल्या गृहस्थांनी नटराज फार छान समजावून सांगितला. नंतर कातळावर कोरलेल्या क्रुसापाशी सगळे आले, तेव्हा मात्र "हे नंतरचं, चला पुढे" एवढंच म्हणाले. एका मुलीने विचारलं, "पण कोणी केलं?" तिला उत्तर मिळालं नाही. ते मनात राहिलं, म्हणून हे पत्र.

हे लेणं शंकराचं, सहाव्या शतकाच्या सुमाराचं. नाचणारा शिव, भोवती देवगण, एका बाजूला शिवाचा अवतार मानला जाणारा लकुलीश. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि साष्टी (आजच्या मुंबई उपनगरांचा हा सगळा भाग) पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच फ्रान्सिस्कन पंथाचे फादर अंतोनियो दो पोर्तो इथे आले. लेण्याचं चर्च झालं. वर टेकडीवर मठ आणि मुलांसाठी विद्यालय उभं राहिलं. मंडपेश्वरचं पोर्तुगीजांच्या तोंडी मोंतपेझीर झालं. पुढे चिमाजी अप्पांच्या मोहिमेत आधी साष्टी, मग १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली, फिरंगाण संपलं, आणि मठ ओस पडत गेला. आज लेण्यात पिंडीची पूजा होते, आणि डोक्यावर त्या मठाच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत.

मी स्वतः ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडची इथलीच मराठी बोलणारी ख्रिस्ती. आमच्या लोकांनाही एक सांगायचं आहे. ते चर्च रिकाम्या डोंगरात झालं नाही. तिथे कोणाचा तरी देव होता, त्याची पूजा बंद पडली, मूर्ती फुटल्या. आमच्या घरात ही गोष्ट सांगताना "पाद्रींनी शाळा काढली" इथूनच सुरुवात व्हायची. मीही पुष्कळ वर्षं तशीच सांगितली. ते बरोबर नव्हतं.

पण त्या क्रुसालाही पुसून टाकता येत नाही. त्याच्यापुढे ज्यांनी गुडघे टेकले ते काही लिस्बनहून आलेले नव्हते. ते इथलेच कोळी, भंडारी, कुणबी होते. त्यांची पूजा बदलली, पण घर, शेत, बोली तीच राहिली. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझी आजी लाल लुगडं नेसून, घुमट या वाद्याच्या तालावर बायकांबरोबर विहिरीवर गेली आणि उंबराचं पाणी घेऊन आली. मला हळद लागली. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा झाला. उंबर कुठून आला, हे आजीला कोणी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. मंडपेश्वरला त्या दगडासमोर उभी राहिले की मला आजीचा तो ओला पदर आठवतो.

त्या दगडापाशी मी नातवाबरोबर बराच वेळ थांबले. क्रुसाच्या रेघा सरळ, धारदार आहेत. शेजारच्या जुन्या मूर्ती पावसापाण्याने, हातांनी गुळगुळीत झालेल्या. छिन्नीचे दोन हात, मध्ये हजार वर्षं, आणि कातळ एकच. असं पाठ्यपुस्तक मुलांना दुसरीकडे कुठे मिळणार?

शाळांनी आणि लेणी दाखवणाऱ्या मंडळींनी कृपा करून एवढं करावं. लेणं पाहून झालं की मुलांना वर टेकडीवरही न्यावं, पडक्या चर्चच्या भिंती दाखवाव्यात. आणि आमच्या चर्चच्या सहली जेव्हा वर येतात, तेव्हा त्यांनी खाली उतरून नटराज बघावा, कोणाचं काय मोडून आपलं उभं राहिलं ते पोरांना सांगावं. पुरातत्त्व खात्यालाही विनंती आहे की क्रुसाजवळ चार ओळींचा मराठी फलक लावावा. त्यात दोन्ही गोष्टी असाव्यात, सालांसकट.

ती मुलगी निघताना मी तिला गाठलं आणि जमेल तेवढं सांगितलं. तिने वहीत १५३४ आणि १७३९ लिहून घेतलं. मग तिने विचारलं, "आजी, वर जायची वाट कुठून आहे?" तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, गोराई