फ्लॉपीला नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका

महोदय,

गणपतीची साफसफाई सुरू झाली, की कोकणातल्या घरांच्या माळ्यावरून जुन्या ट्रंका खाली येतात. हल्ली त्यांत कॉम्प्युटरच्या जुन्या फ्लॉप्याही सापडतात, त्याही बहुधा बुरशी धरलेल्या. त्या पुसायला घेण्याआधी हे पत्र वाचावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

नव्वदच्या दशकात कुडाळला माझं डीटीपीचं दुकान होतं. 1994 च्या पावसाळ्यात, खेळ बंद असताना, एक वयस्क दशावतारी कलाकार महिनाभर दुपारचे येऊन बसत. ते आख्यानं सांगत आणि मी टाइप करी. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद पात्र उभ्या उभ्या रचतं. ते आता हयात नाहीत. त्यांचा शब्द अकरा सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर होता.

दोन वर्षांपूर्वी डबा उघडला, तर चकत्यांवर राखाडी ठिपके. मी एक फ्लॉपी शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने कापूस नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवला आणि माझ्यादेखत एक फेरा मारला. कापूस तपकिरी झाला. "बघा, किती घाण!" तो म्हणाला. ती घाण नव्हती. प्लॅस्टिकच्या पातळ चकतीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो, मजकूर त्यातच असतो आणि तो थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ ॲसिटोनने सुटतो. एक आख्यान त्या बोळ्यावर गेलं. मला आजही ते आठवलं की झोप लागत नाही.

थिनरही तसाच घातक. रॉकेल तेलकट डाग ठेवतं. हँड सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असतं, त्याचा चिकट पापुद्रा राहतो. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटचंही नेमकं काय मिसळलंय ते कळत नाही, म्हणून मी ते वापरत नाही.

उरलेल्या दहांसाठी मी साध्यात साधं द्रावण घेतलं: डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात सौम्य लिक्विड साबणाचा एक थेंब. पाण्याने चुंबकीय नोंद पुसली जात नाही, हे अनेकांना पटत नाही. आवरणाची वरची कड ब्लेडने उघडून चकती अलगद बाहेर काढायची. बुरशीच्या बीजाणूंपासून जपायला मास्क आणि हातमोजे घालायचे. बोटांच्या टोकांनी हळूच धुऊन पुन्हा निव्वळ डिस्टिल्ड वॉटरने धुवायची, मग सावलीत पूर्ण वाळवायची. ऊन दाखवायचं नाही. पापड, सोलांना आपण दाखवतो ते ठीक, फ्लॉपी मात्र वाकते. ठिपका न सुटला तरच 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही आधी मध्याच्या भोकाजवळच्या कोऱ्या पट्ट्यावर लावून बघून. कापूस रंगला, तर तिथेच थांबायचं. हे अल्कोहोल पेट घेतं, म्हणून चुलीपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवूनच काम करायचं.

वाळलेली चकती दुसऱ्या स्वच्छ आवरणात घालून, बाजूच्या खाचेवर स्टिकर लावायचा, म्हणजे चुकूनही वर काही लिहिलं जात नाही. मग लगेच कॉपी. बुरशी असलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली, तर ती वाचणाऱ्या हेडवर घाण बसते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे उठतात. हेड मात्र आयसोप्रोपिलनेच पुसावं, प्रत्येक फ्लॉपीनंतर.

हे सगळं भर पावसात करू नका. हवेतच इतका ओलावा असतो, की वाळवणं जमत नाही. सध्या ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करून ठेवा आणि दिवाळीनंतर हात घाला. वाचनालयं, भजनी मंडळं, जुन्या शाळा यांनी तर विशेष लक्ष द्यावं. भंगारवाल्याला देण्याआधी निदान लेबल वाचा.

माझ्या दहांपैकी सात वाचल्या. दशावतारातल्या संकासुराचं मालवणी बोलणं त्यांत आहे, "ऐकलांस मा?" या त्या कलाकाराच्या सुरुवातीसकट.

आपला,
एक वाचक, कुडाळ