जहांगीरच्या दारावरच्या दादांना

दादा,

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीर. काळ्या घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारावर मंगळवारी अकरा वाजता जे कोकणातले दादा उभे होते, त्यांनी हे वाचावं, नाहीतर कुणीतरी त्यांना वाचून दाखवावं.

गावाकडून मुंबई बघायला आलेली अठरा माणसं तुमच्या पायरीशी थबकली होती. त्यांतल्या नऊवारीतल्या आजींनी न सांगता चपला काढल्या. एवढी लख्ख फरशी, म्हणजे एक तर देऊळ नाहीतर साहेबाचं ऑफिस, असा त्यांचा हिशोब. तुम्ही खाली वाकलात, चपला उचलल्यात आणि आजींच्या पुढ्यात, टोकं दाराकडे करून ठेवल्यात. पाय सरकवला की थेट आत. म्हणालात, "आजी, घालूनच या. इथं तिकीट नाही."

त्या दोन वाक्यांची किंमत कळायची तर तासाभरापूर्वीचं दुसरं एक दार आठवावं लागतं. तिथं आम्ही तोंड उघडायच्या आतच हात हलला, "पुढं चला, पुढं चला." कुठं जायचंय, काय बघायचंय, काही नाही. आणि त्याच्याही आधी 'मुंबई दर्शन'वाला भेटला होता. त्याच्या यादीत काय, तर गेटवे, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, मरीन ड्राइव्ह, हाजी अली. पाचही ठिकाणी आत जायला एक पैसा पडत नाही. वर म्हणतो, "एंट्री फी आमच्याकडे." शून्य रुपये भरायला कुणाची ना आहे! पैसे गाडीचे घे की बाबा, पण तसं सांग.

मुंबई महाग आहे ती झोपायला आणि खायला. बघायला बरीचशी फुकट आहे, फक्त फुकट असलेल्या दारावर तसं कुणी लिहीत नाही. साध्या माणसाला तिकिटापेक्षा हटकलं जाण्याचीच भीती जास्त. म्हणून तुमच्या दारातून पुढं कुठं, कसं जायचं ते इथंच लिहून ठेवतो. पुढच्या तांड्याचे प्रश्न तेवढे कमी.

आधी तुमचीच गॅलरी. 1952 पासूनची, रोज अकरा ते सात. आतली प्रदर्शनं बहुतेक मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात, तेव्हा सोमवारी संध्याकाळी आवराआवरीच्या वेळी जाऊ नये. ज्याची चित्रं तो चित्रकार बहुधा तिथंच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला बेलाशक विचारावं, हे कशानं काढलं, किती दिवस लागले. विकत घेणार नाही म्हणून कुणी रागावत नाही. फोटो मात्र विचारून काढावा. बाहेर फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात. ती बघायला फुकट, पण स्वतःचं चित्र काढून घ्यायचं तर बसायच्या आधी भाव ठरवावा. जवळचं वस्तुसंग्रहालय आणि समोरच्या बाजूची आधुनिक कलेची सरकारी गॅलरी, दोन्हींना तिकीट आहे. सरकारी गॅलरी सोमवारी बंद असते.

सीएसएमटीला उतरणाऱ्यांनी टॅक्सी करूच नये. डीएन रोडच्या कमानींखालून चालत निघालं की फ्लोरा फाउंटन, हुतात्मा चौक आणि काळा घोडा अर्ध्या तासात होतं, आणि कमानींमुळे डोक्यावर ऊनही येत नाही. फक्त हातात सामान नको. सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवावं. तिथं रेल्वेचं तिकीट मागतात आणि कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. गोणपाट, पिशव्या घेऊन आलेली माणसं इथंच अडकतात. घरूनच एका मोठ्या बॅगेत सगळं कोंबून तिला पन्नास रुपयांचं कुलूप लावलं की काम झालं. गेटवेला बॅगा तपासतात, तिथंही हात मोकळे असले की रांग पटकन सरकते. तिथं सकाळी आठच्या आत जावं, नंतर फोटोवाले आणि लाँचवाले उभं राहू देत नाहीत. घारापुरीची लाँच फुकट नाही आणि सोमवारी लेणी बंद, एवढं माहीत असलं तरी त्यांना तोंड देता येतं.

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहावं. एका हाताला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या हाताला 1930च्या सुमाराच्या गोलसर गॅलऱ्यांच्या इमारती. दोन्ही बाजू मिळून 2018 साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. टॉवर विद्यापीठाच्या आवारात आहे, तिथं वाटेल तेव्हा सोडत नाहीत. मैदानातून तो जास्त चांगला दिसतो हे आमचं प्रामाणिक मत.

मलबार हिलला जाताना बस, येताना पायी. उलटं केलं तर म्हातारी माणसं चढावरच बसतात. कमला नेहरू पार्कची पाटी बघून बेस्टमध्ये बसावं. साध्या बसचं कमीत कमी भाडं 10 रुपये, एसीचं 12. हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीवर उभारलेलं आहे, हे मुलांना आधी सांगितलं तर ती पाय आपटून बघतात. बागा दोन्ही फुकट. जवळच्या झाडीतून पायी फिरायच्या नव्या उंच वाटेला मात्र 25 रुपये आहेत आणि वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. आयत्या वेळी जाऊन पुष्कळ जण परत फिरतात. वाळकेश्वरचं बाणगंगा तळं तिथून फार लांब नाही. समुद्र हाकेवर आणि तळ्याचं पाणी गोडं.

गावदेवीचं मणिभवन आमच्या यादीत सगळ्यात वर. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटं. 1917 ते 1934 गांधीजी मुंबईत आले की इथं उतरत. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली चरख्यासकट जपून ठेवली आहे, आणि गच्चीतूनच 4 जानेवारी 1932 ला त्यांना पकडून नेलं. जिना अरुंद आहे, अठरा जणांनी एकदम चढू नये. सहा-सहा जणांनी जावं.

मरीन ड्राइव्हला दुपारी जाण्यात अर्थ नाही, साडेतीन किलोमीटरात सावली शोधत बसाल. साडेपाचनंतर जावं. त्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उतरू नये, शेवाळावरून पाय सटकला की फटीतून वर येणं अवघड. चौपाटी फुकट, भेळ नाही.

आता हाजी अली. दादा, हे तुम्ही शिकवलंत, म्हणून तुमच्याच नावावर. भरतीला दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते आणि माणसं हात हलवत परत येतात. तुम्ही विचारलंत, "आज तिथी कोणती?" मग बोटांवर हिशोब. शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. तासभर इकडंतिकडं धरावं, आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. घरच्या कॅलेंडरवरून कुणालाही जमेल असं. आमच्यातल्या दोघांच्या हातात स्मार्टफोन होते, पण भरती बघून निघायचं असतं हेच ठाऊक नव्हतं, मग फोनला विचारणार काय? गुरुवार-शुक्रवारी तिथं गर्दी उसळते, तेही तुम्हीच सांगितलंत.

बोरिवलीकडं मुक्काम असेल तर मंडपेश्वर, अंधेरीकडं असेल तर महाकाली आणि जोगेश्वरीची लेणी. तिन्ही फुकट. दुपारच्या उन्हात आत गार असतं.

दारावर उभं राहणाऱ्याचा पगार माणसं आत घेण्याचा की बाहेर ठेवण्याचा, हे त्याचं त्यानंच ठरवलेलं असतं बहुतेक. बारा तास उभं राहून पाय दुखत असताना कुणाच्या तरी चपलांसाठी वाकायचं, हे कुठल्याही एजन्सीच्या कागदात लिहिलेलं नसणार. आपल्याकडं पाहुण्याच्या चपला कुणी सरळ करून ठेवल्या तर त्या घरची आठवण राहते. तुम्ही ते घर नसलेल्या दारावर केलंत.

संक्रांत झाली की पुढची खेप आहे, या वेळी बावीस जण. मंगळवारीच येतोय. आजी पुन्हा येणार आहेत आणि नाचणीचे लाडू तुम्हाला चालतात का, असं दोनदा विचारून झालंय. काय सांगू त्यांना?